साठवणुकीचा विकार स्वतंत्र आजार कसा ठरला

वस्तूचे मोल काहीही असो, ती टाकून देणे सतत जड जाणे, टाकण्याच्या नुसत्या विचारानेही जीव कासावीस होणे आणि राहती जागा वापरता येऊ नये इतकी भरून जाणे, ही होर्डिंग डिसऑर्डरची म्हणजेच साठवणुकीच्या विकाराची मुख्य लक्षणे आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या निदानग्रंथात त्याला प्रथमच स्वतंत्र आजार म्हणून स्थान मिळाले. तोपर्यंत त्याची गणना इतर कशात तरी होत असे, आणि उपचारही त्याच बेताने होत.

फ्रॉइडने १९०८ मध्ये नीटनेटकेपणा, कंजूषपणा आणि हट्ट यांची एका स्वभावात सांगड घातली. साठवण्याकडे स्वभावदोष म्हणून पाहण्याची वाट तिथून रुळली. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात होमर आणि लँगली कॉलियर हे भाऊ शंभराहून अधिक टन सामानाने भरलेल्या घरात मृतावस्थेत सापडले. अंध होमरची काळजी घेणारा लँगली, चोरांसाठी स्वतःच रचलेल्या सापळ्यातील ढिगाऱ्याखाली दबला होता. ही घटना गाजली ती विक्षिप्तपणाची कहाणी म्हणून. पुढे १९८७ च्या डीएसएम आवृत्तीत निरुपयोगी वस्तू टाकता न येणे हा व्यक्तिमत्त्वविकाराचा एक निकष ठरला, तर टोकाच्या साठवणुकीला मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा प्रकार मानले जाऊ लागले.

या समजाला तडा गेला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३ व १९९६ मधील लेखांमुळे. निर्णय घेण्यातली व वर्गवारी करण्यातली अडचण, वस्तूंशी जडलेली भावनिक ओढ, त्यांच्याविषयीच्या ठाम समजुती आणि टाळाटाळ यांतून पसारा वाढतो, अशी मांडणी त्यांनी केली. मंत्रचळात नकोसे विचार मनात घुसतात; इथे मात्र वस्तू मिळवताना व जपताना बहुधा आनंदच होतो आणि त्रास सुरू होतो तो टाकायची वेळ आल्यावर. म्हणूनच अनेकांना आपण आजारी आहोत हे पटत नाही आणि तक्रार घरचे करतात. मंत्रचळावरची औषधे व थेरपी या रुग्णांना तुलनेने कमी लागू पडतात, हेही वारंवार दिसून आले होते, आणि माझ्या मते स्वतंत्र निदानाची खरी निकड त्यातूनच निर्माण झाली.

फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी यांनी या विकारासाठी खास सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धती, घडवली आणि २००७ मध्ये तिची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. वस्तू निवडणे, टाकण्याचा सराव करणे, नवी खरेदी आवरणे आणि मुळात बदलाची इच्छा जागवणे हा तिचा गाभा असून काही सत्रे रुग्णाच्या घरीच घेतली जातात. नातेवाईक किंवा प्रशासन एका दिवसात घर रिकामे करतात तेव्हा जागा मोकळी होते खरी, पण रुग्णाचा विश्वास तुटतो आणि पसारा बहुधा परत साचतो. आगीचा किंवा कोसळण्याचा तातडीचा धोका असेल तरच हा मार्ग समर्थनीय ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणातही हे निदान स्वतंत्रपणे असून ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. उपचारांचा पल्ला मात्र अजून मर्यादित आहे. सीबीटीने लक्षणे कमी होतात, तरी बऱ्याच जणांत ती लक्षणीय प्रमाणात उरतात. लक्षणांची सुरुवात अनेकदा किशोरवयात होते आणि मदत मागितली जाते ती पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर. त्यामुळे वयस्क रुग्णांसाठी नियोजन आणि स्मरणशक्तीच्या सरावाची जोड असलेल्या पद्धती तपासल्या जात आहेत.