शॉर्ट शिफ्टर : रचना व निवड

मॅन्युअल गिअरच्या मोटारीत गिअर बदलताना दांड्याच्या मुठीला जेवढे अंतर कापावे लागते ते कमी करण्यासाठी मूळ दांड्याच्या जागी बसवलेल्या दांड्याला, किंवा त्याच्या जोडणीतील बदललेल्या भागाला, शॉर्ट शिफ्टर म्हणतात. गिअरबॉक्सच्या आतील चाके, त्यांचे दाते आणि त्यांची गुणोत्तरे यांना त्याचा स्पर्शही होत नाही. बदलते ते केवळ चालकाचा हात आणि गिअरबॉक्समधील निवडयंत्रणा यांच्यामधील तरफेचे प्रमाण. मुठीने कापायच्या या अंतराला मोटारींच्या बोलीत ‘थ्रो’ म्हणतात. या नोंदीत त्यासाठी ‘पल्ला’ हा शब्द वापरला आहे. मोटार विकत घेतल्यानंतर मालकाने स्वतःच्या हौसेने बसवायच्या भागांमध्ये शॉर्ट शिफ्टर तुलनेने स्वस्त असतो, आणि बहुधा त्यामुळेच तो पुरेसा विचार न करता घेतला जातो.

गिअरचा दांडा ही शालेय विज्ञानाच्या पुस्तकातील पहिल्या प्रकारची तरफ होय. दांड्याच्या मधला गोळा ज्या खोबणीत फिरतो तो टेकू, गोळ्यापासून मुठीपर्यंतची लांबी ही बलभुजा आणि गोळ्यापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी ही भारभुजा. खालच्या टोकाने किती सरकायचे हे गिअरबॉक्सने ठरवलेले असते व ते बदलता येत नाही. समजा, बलभुजा ३०० मिलिमीटर आणि भारभुजा ६० मिलिमीटर आहे, आणि न्यूट्रलमधून गिअर पडण्यासाठी खालच्या टोकाला १० मिलिमीटर सरकावे लागते. तर मुठीला ५० मिलिमीटर जावे लागेल. भारभुजा ८० मिलिमीटर केली, की मुठीचा पल्ला ३७.५ मिलिमीटरवर येतो, म्हणजे २५ टक्क्यांनी घटतो. पण त्याच वेळी हाताला लावावे लागणारे बल एकतृतीयांशाने वाढते. पल्ला ४० टक्के कमी केला तर बल सुमारे दोनतृतीयांशाने वाढते आणि पल्ला निम्मा केला तर ते दुप्पट होते. अंतर वाचवले की जोर द्यावाच लागतो. या हिशेबातून कोणत्याही उत्पादकाची सुटका नाही. जुन्या एसटी बसचा किंवा ट्रकचा गिअरचा दांडा हातभर लांब का असतो, याचे उत्तरही याच हिशेबात आहे.

पल्ला दोन मार्गांनी कमी करता येतो : मूठ खाली आणून बलभुजा आखूड करणे, अथवा टेकू वर उचलून किंवा खालचे टोक लांबवून भारभुजा वाढवणे. पहिला मार्ग इतका सोपा आहे, की काही जण दांडा कापून त्यावर नव्याने आटे पाडून घेतात. तथापि त्यात मूठ स्टिअरिंगपासून दूर जाते आणि चालकाला खांदा वाकवून खाली हात घालावा लागतो. वेष्टनावर छापलेला ‘४० टक्के कमी’ हा आकडा यांपैकी कोणत्या मार्गाने आला आहे हे विचारल्याशिवाय दोन उत्पादनांची तुलना करता येत नाही, कारण निव्वळ बुटक्या दांड्यानेही टक्केवारी फुगते. उंची आणि पल्ला या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या जुळवता येतील असे शिफ्टरही मिळतात; ते महाग असले तरी ज्याला स्वतःची आवड अजून नेमकी ठाऊक नाही त्याच्यासाठी तेच अधिक समंजस ठरतात.

पल्ला कमी झाला म्हणजे गिअर तितक्याच प्रमाणात लवकर बदलतो, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश गिअरबॉक्स बाजारात आणल्यापासून मोटारीत गिअर बदलणे म्हणजे मुख्यतः दोन फिरत्या भागांचे वेग जुळवणे होय. दांड्याने सरकणारी स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारे कडे) आधी एका रिंगला, बहुधा पितळी, गिअरच्या शंकूवर दाबते. त्या घर्षणाने वेग एक झाले की मगच रिंग वाट देते आणि दाते एकमेकांत बसतात. वेग जुळायला लागणारा वेळ स्लीव्हवर पडणाऱ्या दाबावर अवलंबून असतो : दाब अधिक तर वेळ कमी. आता शॉर्ट शिफ्टर बसवल्यानंतर चालकाने पूर्वीइतकाच जोर लावला, तर स्लीव्हपर्यंत पोहोचणारा दाब कमी होतो आणि वेग जुळायला उलट अधिक वेळ लागतो. मूठ अर्ध्या वाटेत अडल्यासारखी वाटते ती यामुळेच. वेळ वाचवायचा तर जोर वाढवावा लागतो. शॉर्ट शिफ्टरने सिंक्रो (वेग जुळवणाऱ्या या रिंगा) खराब होतात, अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळही येथेच आहे. एका वेळच्या गिअरबदलात शंकूवर जिरणारी ऊर्जा दोन्ही दांड्यांत सारखीच असते. रिंग झिजते ती दांडा आखूड असल्याने नव्हे, तर अडलेली मूठ मनगटाचा हिसका देऊन पुढे रेटण्याच्या सवयीने. आधीच झिजलेला सिंक्रो, उदाहरणार्थ दुसऱ्या गिअरला कुरकुरणारा, शॉर्ट शिफ्टर बसवल्यावर अधिकच जाणवतो.

या भागाला लोकप्रियता मिळवून देण्यात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील जॉर्ज हर्स्ट यांचा मोठा वाटा आहे. स्टिअरिंगच्या खांबावरील तीन गिअरचा दांडा काढून त्या जागी जमिनीवरचा भक्कम दांडा बसवण्याची सोय त्यांच्या कंपनीने केली, आणि १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओ या मोटारीत हर्स्टचा शिफ्टर थेट कारखान्यातूनच मिळू लागला. हर्स्टच्या काही शिफ्टरांत दांडा ठरावीक जागेपलीकडे जाऊ नये म्हणून जुळवता येणारे अडसर-बोल्ट होते. हाताचा सगळा जोर गिअरबॉक्समधील नाजूक फोर्कवर (स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यावर) पडून तो वाकू नये, ही त्यामागील कल्पना आजही चांगला शिफ्टर ओळखण्याची एक खूण आहे.

निवडीत सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे दांडा आणि गिअरबॉक्स यांची जोडणी. माझदाची एमएक्स-५ ही १९८९ साली आलेली दोन आसनी मोटार थेट जोडणीचे उत्तम उदाहरण आहे : तिचा दांडा सरळ गिअरबॉक्सच्या वर बसतो, मध्ये लिंकेज (जोडणाऱ्या सळया) नाही. तिचा मूळ पल्लाच इतका आटोपशीर आहे, की तो आणखी कमी करण्याची गरज फार थोड्या चालकांना भासावी. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये दांड्याच्या खालच्या बुरुजात थोडे स्वतंत्र तेल असते, खालच्या टोकाला नायलॉनचा छोटा बुश (सांध्यातील नळीसारखे अस्तर) असतो आणि वर रबरी बूट (आवरण) असतो. बूट फाटून तेल संपले आणि बुश झिजला की गिअर खरखरीत व ढिले होतात, केबिनमध्ये उष्णता आणि आवाजही येऊ लागतो. मालक मग शॉर्ट शिफ्टर मागवतो. खरे तर नवा बुश, नवा बूट आणि ताजे तेल एवढ्यावर बहुतेकांचे समाधान झाले असते.

लिंकेजच्या जोडणीसाठी बीएमडब्ल्यूच्या ई३६ आणि ई४६ या मालिका पाहाव्यात. तेथे दांड्याचा गोळा गिअरबॉक्सच्या मागे लांबवर गेलेल्या एका धातूच्या हातात, प्लॅस्टिकच्या वाटीत बसतो आणि दांड्याचे खालचे टोक एका सळईने गिअरबॉक्सच्या निवड-दांडीला जोडलेले असते. या मोटारींसाठी सुटे शिफ्टर मिळतातच. शिवाय त्याच कंपनीच्या झेड३ मोटारीचा मूळ दांडा ई३६ मध्ये बसवण्याची जुनी आणि विश्वासार्ह पद्धत आहे. कारखान्यात तयार झालेला दांडा असल्याने त्यात आवाज शोषणारा रबरी भाग कायम राहतो आणि पल्ला माफक प्रमाणातच घटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते रोजच्या वापरासाठी हीच निवड सर्वांत शहाणपणाची आहे. फार लांब भारभुजेचा दांडा निवडला तर त्याचे खालचे टोक प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या) पुढच्या रबरी कपलिंगला घासू शकते, म्हणून मोटार वर उचलून प्रत्येक गिअरमध्ये ती फट पाहूनच काम पुरे करावे लागते. सळईच्या टोकांचे वायसर, गोळ्याची वाटी आणि धातूच्या हाताचे रबरी बुश हे सर्व त्याच वेळी बदलले नाहीत, तर नव्या दांड्याचा नेमकेपणा जुन्या ढिलाईत विरून जातो. किंबहुना ढिलाईचा भागही मुठीपाशी गुणाकाराने दिसतो : खाली दोन मिलिमीटर खेळ असेल, तर पाचाच्या प्रमाणात मूठ दहा मिलिमीटर डुलते.

इंजिन आडवे असलेल्या, पुढच्या चाकांनी चालणाऱ्या मोटारींत दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बहुधा दोन केबली असतात. एक दांड्याची पुढे-मागे हालचाल पोहोचवते आणि दुसरी आडवी. पुण्याजवळच्या चाकण येथे २००९ ते २०२२ या काळात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो याच वर्गातील. अशा मोटारीत बदल दोन ठिकाणी करता येतो. केबिनमधील दांड्याची भारभुजा वाढवली की तेवढ्याच कोनात केबल अधिक ओढली जाते. गिअरबॉक्सवरील तरफ आखूड केली की केबलीला कमी सरकावे लागते. दुसरा मार्ग स्वस्त असतो आणि डॅशबोर्डचा मधला भाग उघडावा लागत नाही, परंतु त्यात केबलीवरचा ताण वाढतो आणि जुनी, आवरणात घासणारी केबल असेल तर गिअर जड व चिकट वाटतो. केबलींची लांबी नव्याने जुळवणे यात अनिवार्य आहे. ती अर्धा-एक मिलिमीटर चुकली तरी एका बाजूचे गिअर नीट बसतात आणि दुसऱ्या बाजूचे अर्धवट राहून चालत्या गाडीत निसटतात.

पुढे-मागे पल्ला घटवण्याची जाहिरात सर्वत्र असते. आडव्या हालचालीबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. टेकू वर उचलला की दोन्ही दिशांचे अंतर कमी होते आणि गिअरांची घरे एकमेकांना खेटतात. त्यातून होणारी चूक महागात पडते. ई३६ एम३ मोटारीच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २.४९, तिसऱ्याचे १.६६ आणि चौथ्याचे १.२४ आहे. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर असताना चौथा पडला तर इंजिन सुमारे ४,८५० फेऱ्यांवर येते. हात चुकून दुसऱ्यात गेला तर चाकेच इंजिनाला ९,७५० फेऱ्यांपर्यंत ओढतात. फेऱ्यांवर मर्यादा घालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इंधन तोडते, पण चाकांकडून येणारी ही ओढ तिला थांबवता येत नाही, आणि झडपा पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. शर्यतीच्या ट्रॅकवर जोरदार वळणात गिअरबॉक्स आपल्या मऊ रबरी माउंटांवर (आधारांवर) बाजूला सरकतो, तेव्हा हा धोका आणखी वाढतो. ट्रॅकवर जाणाऱ्याने शिफ्टरआधी माउंट बदलावेत, आणि आडव्या दिशेला दांडा मध्यावर आणणाऱ्या स्प्रिंगा जोरदार असलेला शिफ्टर निवडावा.

आवाज आणि थरथर यांचा विचार मोटार रोज किती चालवायची यावर ठरतो. मूळ दांडा पुष्कळदा दोन तुकड्यांचा असून मध्ये रबर असते. एकसंध पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा दांडा नेमका लागतो, पण गिअरबॉक्सची गुणगुण थेट तळहातावर आणतो. पितळी किंवा कठीण प्लॅस्टिकच्या बुशांचेही तसेच. वजनदार मूठ हा यावरचा एक स्वस्त उतारा आहे : जड मुठीचा संवेग सिंक्रोच्या क्षणिक अडथळ्यातून दांडा पार नेतो, त्यामुळे वाढलेला जोर कमी टोचतो, आणि थोडी थरथरही त्या वजनात शोषली जाते. कित्येक मोटारींत निव्वळ अशी मूठ लावून पाहिल्यावर शिफ्टर घेण्याचा बेत रद्द होतो. गिअरबॉक्सचे तेलही याच वेळी तपासावे. पितळी रिंगांच्या अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ (गिअर तेलाच्या वर्गवारीतील एक श्रेणी) दर्जाचे तेल सांगितलेले असते, आणि अधिक वरचा आकडा म्हणून कोणी जीएल-५ ओतले तर गिअर जड होण्याची शक्यता असते; अशा वेळी दोष दांड्याचा नसतोच. थंड प्रदेशात सकाळी घट्ट झालेल्या तेलामुळे पहिले काही किलोमीटर आखूड दांडा विशेष हट्टी वाटतो.

बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, सगळे गिअर क्रमाने टाकून पाहतात. प्रत्येक घरात दांडा पूर्ण जातो का, कन्सोलच्या कडेला किंवा चामडी आवरणाच्या चौकटीला तो अडत नाही ना, आणि रिव्हर्सचा अटकाव, मग तो दांडा खाली दाबण्याचा असो की कडे वर उचलण्याचा, पूर्वीसारखाच काम करतो का, हे तीन मुद्दे तपासल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. रिव्हर्सचे कडे उचलणाऱ्या मोटारींत बुटका दांडा घेतल्यास कड्याला वर सरकायला जागाच उरत नाही. खरेदीपूर्वी हे मोजणे कोणाच्या ध्यानात येत नाही आणि मग नवा दांडा काढून त्यावरची मूठ बदलावी लागते.