मास्क घरी का शिवावे लागले? पुण्याच्या साथींतून एक मागोवा

९ मार्च २०२० ला दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या एका जोडप्याला कोरोनाची लागण झाल्याचं निष्पन्न झालं. राज्यातले हे पहिले रुग्ण नायडू रुग्णालयात दाखल झाले. चारच दिवसांनी, १३ मार्चला, केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली आणले. २१ मार्चला तीन पदरी सर्जिकल मास्कची कमाल किंमत १० रुपये ठरवून दिली. किंमत ठरली खरी, पण त्या किमतीला द्यायला मेडिकलवाल्याकडे माल कुठे होता?

तुटवडा शिलाईचा नव्हता. सर्जिकल मास्कच्या तीन पदरांपैकी बाहेरचे दोन मुख्यतः आधाराला आणि ओल अडवायला-टिपायला असतात. खरं काम मधला पदर करतो. वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन गरम हवेच्या झोताने फवारून त्याचे अतिशय बारीक तंतू करायचे, ते एकमेकांवर बसून कागदासारखं कापड तयार होतं. त्याला स्थिर विद्युतभार दिला, की कण त्याला चिकटून बसतात. याला ‘मेल्टब्लोन’ म्हणतात. त्याची यंत्रं जगात मोजक्या ठिकाणी होती, महाग होती आणि नवीन यंत्र उभं करायला महिने लागत. सगळं जग एकदम मास्क मागायला लागलं तेव्हा पुरवठा या मधल्या पदरापाशीच अडकला. जो होता तो माल डॉक्टर-परिचारिकांसाठी राखायचा, तर बाकीच्यांनी तोंडाला लावायचं काय, या अडचणीतून घरचा कापडी मास्क आला. त्याची शिफारस झाली ती तो उत्तम होता म्हणून नाही, दुसरं काही शिल्लक नव्हतं म्हणून. पुढे दोन वर्षं मास्कवर जे वाद झाले त्यांत ही साधी गोष्ट बरेचजण विसरले.

पुण्याच्या साथींचा विषय निघाला, की गाडी १८९७ वर येतेच. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात उघड झालेला प्लेग काही महिन्यांत पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. रँडची प्लेग समिती, घराघरांत शिरून होणाऱ्या झडत्या, २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या, हे सगळं शाळेत शिकलेलं असतं. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या. मात्र या सगळ्या हकिकतीत मास्क कुठे नाही, आणि असता तरी त्याचा उपयोग नव्हता. पुण्यातला प्लेग मुख्यतः गाठीचा होता आणि तो उंदरांवरच्या पिसवांमधून पसरत होता. पिसवांचा हा संबंध पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये दाखवला. लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले, ते मात्र उपयोगाचं होतं.

गंमत अशी की मास्कचा जन्मही त्याच १८९७ सालचा. तेव्हा जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाऊ गावात कार्ल फ्लुगे यांनी दाखवून दिलं होतं, की बोलता-खोकताना तोंडातून उडणाऱ्या तुषारांत जिवंत जंतू असतात. ते ऐकून त्याच गावातले शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी शस्त्रक्रिया करताना तोंडावर गॉजचा एक पदर बांधायला सुरुवात केली. पॅरिसमध्ये पॉल बर्जर यांनीही त्याच वर्षी तसंच केलं. दोघांचाही हेतू एकच होता: आपल्या तोंडातलं रुग्णाच्या जखमेत पडू नये. मास्क लावणाऱ्याचं रक्षण करण्याचा विचार त्यात नव्हता.

तो विचार पक्का झाला ईशान्य चीनमधल्या मांचुरियात. १९१०-११ च्या हिवाळ्यात तिथे फुप्फुसांचा प्लेग पसरला. त्यात सुमारे ६० हजार माणसं मेली. पेनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले डॉक्टर वू लिएन-तेह यांना चीन सरकारने हार्बिनला पाठवलं. ही साथ पिसवांमुळे नाही, श्वासातून पसरते आहे, हे त्यांनी ओळखलं आणि डॉक्टर, सफाई कामगार, सैनिक, सगळ्यांना मास्क लावायला सांगितलं. त्यांचा मास्क अगदी साधा होता. सर्जिकल गॉजची सुमारे तीन फूट लांब पट्टी घ्यायची, मधोमध कापसाची चपटी लादी ठेवून ती दुमडायची आणि दोन्ही टोकं फाडून त्यांच्या नाड्या करून डोक्यामागे बांधायच्या. सुई-दोऱ्याची गरजच नाही. जेराल्ड मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टराला या तरुण डॉक्टराचं म्हणणं पटलं नाही. मास्क न लावता ते रुग्णांजवळ गेले आणि काही दिवसांतच प्लेगने दगावले.

मग आली १९१८ ची फ्लूची साथ. आपल्याकडे जुनी माणसं तिला मानमोडी म्हणत. जूनमध्ये ती मुंबई बंदरातून शिरली आणि पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेत एकट्या मुंबई इलाख्यात १० लाखांहून जास्त माणसं गेली. देशभरातल्या मृत्यूंचे बहुतेक अंदाज एक कोटीच्या पुढेच आहेत. आपल्याकडच्या आठवणींत या साथीची प्रेतं आहेत, ओस पडलेली घरं आहेत, पण मास्क जवळपास नाही. मास्कचा गाजावाजा झाला तो अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोने ऑक्टोबर १९१८ मध्ये मास्क सक्तीचा केला, रेडक्रॉसच्या बायकांनी गॉजचे मास्क शिवून विकले, न लावणाऱ्यांना दंड झाला आणि जानेवारी १९१९ मध्ये तिथे चक्क मास्कविरोधी संघटना उभी राहिली. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातले डब्ल्यू. एच. केलॉग यांनी नंतर प्रयोग करून १९२० मध्ये निष्कर्ष छापले. जंतू अडतील इतके गॉजचे पदर घातले तर श्वास घेणं जड होतं आणि हवा कडेच्या फटींतून आत-बाहेर करते, असं त्यांना आढळलं. कापडी मास्कबद्दल शंभर वर्षांनी जे नव्याने कळल्यासारखं सांगितलं गेलं, त्यातलं निम्मंअधिक या निष्कर्षांत आहे.

१९६० च्या दशकापासून पाश्चात्त्य रुग्णालयांत वापरून फेकायचे मास्क आले. आपल्याकडे ऑपरेशन थिएटरमधला हिरव्या कापडाचा, नाड्यांचा, धुऊन आणि वाफेवर निर्जंतुक करून पुन्हा बांधायचा मास्क पुढेही बरीच वर्षं टिकला. सरकारी रुग्णालयांत चादरी, गाऊन, मास्क शिवायला शिंपी पगारावर असे. मग तयार माल स्वस्त झाला आणि शिवलेला मास्क मागे पडला.

पुणेकरांनी मास्क असा डोळ्यांनी पाहिला २००९ मध्ये. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती ती. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे शहर हादरून गेलं होतं. शाळा बंद, मल्टिप्लेक्स बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लांबच लांब रांगा. एन-९५ हे नाव सामान्य माणसाच्या तोंडी आलं ते तेव्हा, आणि आलं तेच काळ्या बाजारातल्या भावासकट. मास्क मिळेना तेव्हा कुणी घडी घातलेला रुमाल बांधला, कुणी त्यावर निलगिरीचे थेंब टाकले, कुणी कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगत फिरलं. त्या पुरचुंडीने विषाणूला काही होत नाही, एवढं एव्हाना सांगायला हरकत नाही. स्कूटीवरच्या मुलींची मात्र पंचाईत झाली नाही. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळायची पुण्याची पद्धत त्याआधीचीच. ऊन, धूळ आणि ओळखीच्या काकू-मावश्या, तिन्हींवर तो एकच उपाय होता.

पण २००९ मध्ये घरोघरी शिलाई झाली नाही. साथीची भीती काही आठवड्यांत ओसरली आणि मास्कही गेले. २०२० मध्ये तसं झालं नाही. तेव्हा दुकानं बंद होती आणि माणसं घरात होती. मशीनही घरातच होतं, आणि या मशीनमागेही पुण्याचा स्वतःचा इतिहास आहे. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथे विधवा आणि गरजू बायकांना जे शिकवलं जाई त्यात शिवण होतं आणि ससून रुग्णालयाच्या मदतीने परिचारिकेचं शिक्षणही होतं. पुढे गल्लोगल्ली शिवणक्लास निघाले, लग्नात मशीन देण्याची रीत आली, पालिकांच्या महिला-बालकल्याण योजनांतून मशीन वाटली गेली. कुठे ब्लाउज, कुठे फॉल-पिको, कुठे शाळेचे गणवेश, असं करत ही मशीनं चालत राहिली. मार्चअखेरीस हे सगळं काम एकदम थांबलं. लग्नं पुढे गेली, शाळा बंद पडल्या आणि हात रिकामे झाले.

नेमकं तेव्हाच, मार्च संपता संपता, केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरगुती मास्कची पुस्तिका काढली आणि ३ एप्रिलला आरोग्य मंत्रालयाची सूचना आली. आरोग्य कर्मचारी आणि रुग्णांसाठी हा मास्क नाही, हे सूचनेत स्पष्ट होतं. पुस्तिकेत मोठ्यांसाठी ९ बाय ७ इंच आणि मुलांसाठी ७ बाय ५ इंच असं माप होतं, कापड शंभर टक्के सुती हवं होतं. धुण्याची कृतीही होती: साबणाच्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात पाच तास वाळवा, ऊन नसेल तर प्रेशर कुकरमध्ये दहा मिनिटं उकळा. कुकरमधून मास्क काढणं ही गोष्ट स्वयंपाकघरात सहज खपली नाही, हे वेगळं सांगायला नको.

कापडाची अडचण नव्हती. हळदीकुंकवाच्या आणि ओटीच्या ब्लाउजपीसांची चळत कुठल्या मराठी कपाटात नसते? टू बाय टू आणि पॉपलीन मास्कला चांगलं. वीण घट्ट आणि श्वासही कोंडत नाही. आत मऊ अस्तर किंवा जुन्या धोतराचा तुकडा. मांजरपाट धुतल्यावर आटतं, म्हणून आधी भिजवून घ्यावं लागे. दोन्ही पदर उलटे ठेवून तीन बाजूंनी टीप, सुलटवून इस्त्री, मग तीन चुण्या. चुण्यांची तोंडं खाली हवीत, नाहीतर घडीत धूळ साठते. खरी पंचाईत इलॅस्टिकची. ते मिळायचं तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत, आणि एप्रिलमध्ये मध्यवर्ती पेठा सील झालेल्या. मग परकराच्या नाड्या निघाल्या, जुन्या टीशर्टच्या कडा कापून ताणल्या गेल्या, त्याही संपल्यावर त्याच कापडाच्या तिरप्या पट्ट्या. नाकावर बसायला वायरीचा तुकडा घालायचं बहुतेकांनी टाळलं, कारण धुताना ती टोचून बाहेर येई. त्यामुळे नाकापाशी फट राहायची आणि चष्मेवाल्यांच्या काचा धुरकट व्हायच्या. काचेवर बसणारी ती वाफ म्हणजे न गाळलेली हवा. मास्क बसला नाही हे कळायला त्याहून सोपी खूण नव्हती.

मुंबईने ८ एप्रिलला मास्क सक्तीचा केला आणि पुण्यानेही त्याच सुमारास. आधार तोच होता, १८९७ चा साथरोग कायदा. पुढे न लावणाऱ्याला ५०० रुपये दंड बसू लागला. बचत गटांना कामं मिळाली, येरवडा कारागृहातल्या बंद्यांनीही मास्क शिवले. काही बायकांनी शेजारपाजारी फुकट वाटले, काहींना नगामागे पैसे मिळाले. घर चालवायला ते पुरेसे होते असं म्हणवत नाही. निर्बंध सैल झाले तसे खणाचे, पैठणीचे, नवरा-नवरीचे जोडीचे मास्क आले आणि पिंपरी-चिंचवडमध्ये एका गृहस्थांनी जवळपास तीन लाखांचा सोन्याचा मास्क करून घेतला. म्हणजे मास्क आता दागिना झाला होता आणि पुष्कळदा तो हनुवटीवरच असायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी लोकांसाठी कापडी मास्कची शिफारस केली ती ५ जून २०२० ला. त्यांनी सांगितलेला मास्कही तीन पदरीच होता: आत सुती, मध्ये न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन, बाहेर पाणी न शोषणारं कापड. म्हणजे घरी शिवलेला बहुतेक माल या मापात बसत नव्हता. केंब्रिजमधल्या डेव्हिस यांच्या गटाने २०१३ मध्येच घरगुती कापडं तपासली होती. त्यांच्या प्रयोगात तुषार अडवण्यात सर्जिकल मास्क घरच्या मास्कपेक्षा सुमारे तिप्पट सरस ठरला, तरी काहीच नसण्यापेक्षा घरचा बरा, असा निष्कर्ष निघाला. सगळ्यात मोठी चाचणी बांगलादेशात झाली, २०२०-२१ मध्ये, ६०० गावांत आणि तीन लाखांहून जास्त प्रौढांवर. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह होणारा संसर्ग कमी झाला, विशेषतः वयस्कर लोकांत. कापडी मास्कचा फायदा मात्र स्पष्टपणे सिद्ध झाला नाही. तोवर सर्जिकल मास्क कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळू लागला होता. माझ्या मते घरचा मास्क तिथेच थांबायला हवा होता, पण धुऊन पुन्हा वापरायचा म्हणून आणि साडीला शोभतो म्हणून तो आणखी वर्षभर चालला.

२०२२ च्या गुढीपाडव्याला राज्याने सक्ती उठवली. शिवणाऱ्या बायका गणवेशांकडे आणि लग्नाच्या ब्लाउजांकडे परतल्या. उरलेले मास्क आता सिग्नलवर दुचाकीस्वारांच्या तोंडावर दिसतात. रस्त्यावरची जाड धूळ त्याने अडते. वाहनांच्या धुरातले बारीक कण त्यातून जातात.