चाळीस मशीन, एकच आधार नंबर

गोष्ट २०१८ च्या मे महिन्यातली आहे. नागपूरचा मे कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, दुपारी बर्डीवर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा दुपारी मी एका कॉलेजच्या (नाव राहू द्या) कॉम्प्युटर लॅबमध्ये बसलो होतो, मागे कूलर घरघर करत होता आणि समोर सर्व्हरची स्क्रीन होती. लॅबमध्ये ४० मशीन. चाळीसही चालू, चाळीसही नेटवर्कवर, मी स्वतः उठून मोजले. आणि सर्व्हर म्हणत होता की लॅबमध्ये मशीन एकच आहे.

बरं, तो एकच कोणता तेही ठरेना. लॅब असिस्टंट पोरगा म्हणे, "सर, पाहा न, सकाळी सतरा नंबर दिसत होता, आता पाच नंबर दिसून राहिला. काहून असं होऊन राहिलं?" रिफ्रेश मारलं, अजून पाचच. जेवून आलो तर एकतीस.

हा सर्व्हर लागला कशामुळे ते आधी सांगतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आला होता, आठवत असेल, दीडशे देशांत दोन लाखांच्या वर मशीन त्यानं कुलूपबंद केले आणि पैसे मागितले. त्यातली चीड आणणारी गोष्ट अशी की ज्या भोकातून तो घुसला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच काढला होता आणि हल्ला झाला १२ मेला, म्हणजे ५९ दिवस औषध दुकानात पडलेलं होतं आणि लोकांनी घेतलं नाही. ते वाचून कॉलेजवाले घाबरले, आणि पुढच्या सुट्टीत डब्ल्यूसस लावायचं ठरलं. लिहिताना विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस, बोलताना सगळे डब्ल्यूससच म्हणतात, हे नाव २००५ पासूनचं आहे. काम साधं आहे, चाळीस मशीननी चाळीस वेळा इंटरनेटवरून तोच अपडेट ओढायच्या ऐवजी एका सर्व्हरनं एकदा ओढायचा, कोणता द्यायचा ते माणसानं ठरवायचं आणि कोणी घेतला कोणी नाही घेतला याची हजेरी सर्व्हरनं ठेवायची. मला यातली हजेरीच महत्त्वाची वाटते, कारण अपडेट तर मशीन स्वतःहूनही घेते.

तर हजेरीच्या वहीत एकच नाव. पहिले दोन दिवस आम्ही जे केलं ते सांगायला लाज वाटते. स्विच बदलला. अँटिव्हायरस काढला. सर्व्हर पुसून परत टाकला. एक सर येऊन म्हणाले गरमीमुळे होत असेल. दुसऱ्या एका गृहस्थांनी तर खोलीत चक्कर मारून सांगितलं की सर्व्हरचं तोंड दक्षिणेला आहे, ते आधी फिरवा. खंडेनवमीला सर्व्हरला हार घालता, हळदकुंकू लावता, त्याला माझी काही हरकत नाही, मी स्वतः पेढा खातो, पण डेटा कोणत्या दिशेनं वाहतो हे नेटवर्क केबलला विचारावं, वास्तुशास्त्राला नाही. आणि गंमत म्हणजे सर्व्हर फिरवला असता आणि त्याच वेळी सतराचा पाच झाला असता तर लोक म्हणाले असते पाहा, फरक पडला!

फरक कशानं पडत होता ते तिसऱ्या दिवशी सापडलं. लॅब भरताना चाळीस मशीनवर एकेक करून विंडोज कोण टाकत बसेल, म्हणून एक मशीन नीट तयार केली, विंडोज ७ टाकलं, सॉफ्टवेअर टाकले, अपडेट टाकले आणि तिची इमेज (म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल) काढून बाकी ३९ वर घोस्ट मारला, म्हणजे तीच नक्कल जशीच्या तशी उतरवली. सगळीकडे असंच करतात, यात चूक काही नाही. पण त्या पहिल्या मशीनच्या रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग जिथं लिहून ठेवतं ती वही) एक नोंद होती, तिचं नाव सस-क्लायंट-आयडी. मशीननं पहिल्यांदा अपडेट सर्व्हरशी बोलताना स्वतःसाठी पाडलेला हा ओळख नंबर. आपला आधार नंबर समजा. घोस्ट मारला तेव्हा विंडोजसोबत तो नंबरही ३९ ठिकाणी छापला गेला. चाळीस माणसं, चेहरे वेगळे, नावं वेगळी, आधार कार्डावर नंबर एकच. सर्व्हर चेहरा पाहत नाही, नावही पाहत नाही, नंबर पाहतो. सतरा नंबरची मशीन आली, नोंद झाली. मग पाच आली, तोच नंबर, सर्व्हर म्हणाला अरे हा तर जुनाच गडी, याचं नाव बदललं दिसतं, आणि सतरा पुसून पाच लिहिलं.

आता ते नाव दिवसभर बदलत का राहतं, त्याचं उत्तरही सुंदर आहे. सेटिंगला हात लावला नाही तर मशीन साधारण दर २२ तासांनी सर्व्हरला विचारते, पण बरोब्बर २२ नाही, त्यातून शून्य ते वीस टक्के वेळ रँडम वजा करते, म्हणजे साडेसतरा ते बावीस तासांत कधीही. मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर व्हरायटी चौकात सिग्नल सुटल्यावर होते तशी सगळ्या मशीनची एकदम गर्दी व्हायची. त्यामुळे चाळीस जण आपापल्या वेळेला येतात आणि आधीच्याचं नाव पुसून जातात.

आता माझ्या आवडीचा भाग. या नंबराला जीयूआयडी (ग्लोबली युनिक आयडेंटिफायर, जगात एकमेव ओळख) म्हणतात आणि त्याची आयडिया मला कॉम्प्युटरमधल्या सगळ्यात धीट आयडियांपैकी एक वाटते. आधार नंबर कसा मिळतो? मधे एक कार्यालय आहे, ते तुमची बोटं आणि डोळे घेतं, आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहतं, हा माणूस आधीच यादीत नाही ना, आणि मग नंबर देतं. मधलं कार्यालय नसेल तर? जगातल्या कोणत्याही मशीननं कोणालाही न विचारता, इंटरनेट नसतानासुद्धा, स्वतःच स्वतःला नंबर द्यायचा आणि तरी तो कोणाशीही जुळायला नको. जमेल का?

पहिली युक्ती अशी होती की नेटवर्क कार्डाचा नंबर घ्या (तो कारखान्यातूनच वेगळा येतो) आणि त्याला वेळ जोडा. वेळ पण कशी, १५ ऑक्टोबर १५८२ च्या मध्यरात्रीपासून किती शंभर-शंभर नॅनोसेकंद झाले ते मोजून. १५८२ काहून, तर त्या दिवशी ग्रेगोरियन कॅलेंडर लागू झालं म्हणून, आहे की नाही गंमत! पण यात भानगड अशी की नंबरावरून मशीन ओळखू येते. १९९९ मध्ये मेलिसा व्हायरस आला तेव्हा वर्डच्या फाइलीत लपलेल्या अशाच नंबराची तो लिहिणाऱ्याचा माग काढायला मदत झाली होती. चोर सापडला ते छान, पण मग साध्या माणसाच्या प्रत्येक फाइलीवरही त्याच्या मशीनचा ठसा उमटतोच की.

म्हणून दुसरी युक्ती, आणि ही एकदम बिनधास्त. सरळ नाणं फेका. एकूण १२८ बिट असतात, त्यातले ६ "हा कोणत्या जातीचा नंबर आहे" एवढं सांगायला जातात (म्हणून अशा नंबरात तिसऱ्या गटाचा पहिला आकडा नेहमी ४ असतो, कधी दिसला तर पाहा), उरले १२२. म्हणजे १२२ वेळा नाणं फेकायचं, छापा आला तर १, काटा आला तर ०, झाला नंबर तयार. असे किती वेगवेगळे नंबर निघू शकतात? ५३ लिहून पुढे ३५ शून्यं, साधारण.

तुम्ही म्हणाल नशिबावर सोडलं का सगळं? हो. पण नशिबाचा हिशोब करता येतो. चाळीस पोरांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता किती, सांगा बरं. बहुतेक लोक दहा टक्के म्हणतात. उत्तर ८९ टक्के आहे. २३ पोरं असली तरी निम्म्याच्या वर जाते. कारण आपण मनात स्वतःशी जुळणारा शोधतो, पण इथं कोणाचाही कोणाशीही जुळला तरी चालतो, आणि चाळीस पोरांत जोड्या किती, तर ४० गुणिले ३९ भागिले २, म्हणजे ७८०. इतक्या जोड्यांना ३६५ दिवस कमीच पडतात. पोरं दुप्पट केली की जोड्या जवळपास चौपट होतात, म्हणून धोका नंबर संपण्याच्या कितीतरी आधी येतो, एकूण नंबरांच्या वर्गमुळाच्या आसपास. आता हाच हिशोब १२२ बिटांना लावा. वर्गमूळ म्हणजे बिट निम्मे, २ चा ६१ वा घात, त्याच्या थोडं वर गेलं की निम्मी शक्यता. म्हणजे कोणी दर सेकंदाला १ अब्ज नंबर पाडत बसलं तर दोन सारखे निघण्याची शक्यता निम्म्यावर यायला साधारण ८६ वर्षं लागतात. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एवढंच धरा की लॅबमधल्या चाळीस मशीननी आपापलं नाणं फेकलं असतं तर दोन नंबर जुळणं जवळपास अशक्यच होतं.

पण त्यांनी नाणं फेकलंच नाही ना! एकानं फेकलं आणि ३९ जणांनी कॉपी केली. एवढं मजबूत गणित आणि त्याला एका घोस्टनं उताणं पाडलं, कारण गणितात "प्रत्येकानं स्वतः फेकायचं" ही अट आहे आणि ती अट कोणी वाचत नाही.

उपाय तसा पाच मिनिटांचा आहे. मशीनवर अपडेटची सर्व्हिस थांबवायची, रजिस्ट्रीतली सस-क्लायंट-आयडीची नोंद उडवायची, सर्व्हिस परत चालू करायची आणि "जुनी ओळख विसर, परत विचारून ये" अशी एक कमांड मारायची. नोंद नाही म्हटल्यावर मशीन निमूटपणे नवा नंबर पाडते. आम्ही या कमांड एकामागे एक चालवणारी चार ओळींची बॅच फाइल करून पोराला पेनड्राइव्हवर दिली, तो चाळीस खुर्च्यांवर बसून आला, संध्याकाळपर्यंत कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या हजेरीच्या स्क्रीनवर, एकेक नाव उगवत गेलं आणि खरं चित्र दिसलं. अपडेट बऱ्याच मशीनला मिळत होते, कारण काय हवंय ते मशीन स्वतः तपासते, पण सात-आठ मशीन महिनोन्महिने अडकून पडल्या होत्या आणि त्या एका हजेरीआड लपल्या होत्या. खरा धोका मला हा वाटतो, बंद पडलेलं दिसतं, पण "सगळं हिरवं आहे" असं खोटं सांगणारं दिसत नाही. मुळात इमेज काढायच्या आधी सिसप्रेप हे विंडोजचंच टूल चालवून ओळख पुसायची असते, ही नोंदही उडवायची असते. नंबराचा हार्डवेअरशी ताळा घालून पाहायची सोयही क्लायंटमध्ये (मशीनवरच्या अपडेट प्रोग्रॅममध्ये) आहे, पण एकट्या तिच्यावर भिस्त ठेवू नका.

डब्ल्यूससचे बाकी दुखणे थोडक्यात सांगतो. कन्सोल उघडताना मधेच पडतो आणि "सर्व्हर नोड रीसेट करा" म्हणतो, तर बहुतेक वेळा वेबसर्व्हरमधल्या डब्ल्यूसस पूलला (डब्ल्यूससच्या कामासाठी राखलेल्या कप्प्याला) दिलेली मेमरीची मर्यादा संपलेली असते, ती मूळची साधारण १.८ जीबी असते. ती वाढवायची किंवा काढूनच टाकायची, आणि ज्यांच्या जागी नवे आलेत असे जुने अपडेट नाकारून ढीग कमी करायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये विंडोज ११ चा अपडेट थेट इंटरनेटवरून नीट जायचा आणि डब्ल्यूसस मार्फत मात्र झिरो-एक्स-८०२४००६९ हा एरर दाखवून आपटायचा. तेव्हा मायक्रोसॉफ्टनं "नोन इश्यू रोलबॅक" वापरला, त्यात नव्या कोडसोबत जुना कोडही मशीनवर ठेवलेला असतो आणि बिघाड झाला तर अख्खा अपडेट न काढता फक्त तेवढा काटा जुन्या रुळावर वळवतात. ही युक्ती मला फार आवडते, पण तिच्यावर वेगळा लेख होईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर खुद्द डब्ल्यूससमध्येच भोक निघालं, धोक्याचा आकडा दहापैकी ९.८, त्यासाठी २३ तारखेला वेळापत्रकाबाहेरचा अपडेट काढावा लागला आणि तो टाकेपर्यंत ८५३० आणि ८५३१ हे पोर्ट (डब्ल्यूससची नेटवर्कवरची दारं) बंद ठेवा असं सांगितलं गेलं. औषधाच्या गाडीलाच रोग लागला म्हणायचा. तसंही २०२४ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय की यात आता नवं काही येणार नाही. त्यामुळे आता जो तो "एआय वालं पॅचिंग" विकायला येऊन राहिला. घ्या हवं तर, पण विकणाऱ्याला एक विचारा, तुमचं एआय दोन मशीन वेगळ्या आहेत हे कशावरून ओळखतं?

आमच्या लॅबचं सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये पावसाच्या पहिल्या झडीत लाइट गेली-आली आणि एका मशीनची हार्डडिस्क गेली. पोरानं नवी लावून कपाटातली जुनीच इमेज घोस्ट मारली. कन्सोलवर ४०, सगळं ठीक, मलाही काही कळलं नाही. दिवाळीच्या आधी दुसरी एक मशीन गेली, तिलाही तीच इमेज. दोन दिवसांनी त्याचा फोन, "सर, ३९ दिसून राहिले." मी म्हटलं नोंद उडव. तो म्हणे, "कोणत्या मशीनची?" मी म्हटलं दोघांपैकी कोणतीही चालेल, आणि कपाटातली ती इमेज आधी फेक.