स्ट्रिपच्या तोंडाशी: चपट्या केबलच्या जोडणीची पार्श्वभूमी

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातल्या दुरुस्तीच्या दुकानांत गेली काही वर्षे एक तक्रार सतत येते. टीव्हीचा अर्धा पडदा काळा पडतो, वजनकाट्यावरचा आकडा मध्येच उडतो, प्रिंटरचे हेड एका बाजूला जाऊन थांबते. बोर्ड तपासला तर तो धड असतो. स्ट्रिप, म्हणजे आतले भाग जोडणारी चपटी केबल, कनेक्टरमधून काढून, पुसून परत बसवली की सेट चालू होतो आणि काही आठवड्यांनी तोच सेट पुन्हा टेबलावर येतो. गिऱ्हाइकाला वाटते, काम नीट झाले नाही. मेकॅनिक म्हणतो, माल हलका आला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या दुखण्याचे मूळ शोधायचे तर युरोपात २००६ साली झालेल्या एका निर्णयापर्यंत मागे जावे लागते.

चपट्या वाहकांची कल्पना जुनी. मेणकागदावर धातूच्या पातळ पट्ट्या चिकटवण्याचे पेटंट १९०३ सालचे आहे. छापील सर्किट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आले आणि १९६०च्या दशकात पिवळट तपकिरी पॉलिइमाइड फिल्म मिळू लागल्यावर डाखाची उष्णता सोसणारे लवचीक सर्किट शक्य झाले. पॉलिस्टरला ती उष्णता झेपत नाही. म्हणून पांढरी पॉलिस्टरची एफएफसी (सपाट वाहकांची चपटी केबल) सहसा कनेक्टरमध्ये खोचावी लागते, आणि पॉलिइमाइडची एफपीसी (छापील लवचीक सर्किट) थेट बोर्डावर डाख देऊनही बसवता येते.

आपल्याकडे आधी ओळख झाली ती एफआरसीची, म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या तारांच्या रिबन केबलची. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्री व मशीन शॉपमधल्या कंट्रोल पॅनेलांत, आणि पुढे प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात, तीच राखाडी पट्टी होती. १.२७ मिमी अंतरावरच्या तारा, त्यावर कनेक्टर, आणि बाकड्यावरच्या व्हाइसमध्ये एक दाब. पिनेची दुभागलेली पात प्लास्टिक कापत थेट तांब्याला घट्ट धरते. ही जोडणी हवाबंद होते, वर्षानुवर्षे हलत नाही. हार्ड डिस्कचा वेग वाढला तेव्हा ४० पिनांसाठी ८० तारांची केबल आली. जादाच्या ४० तारा फक्त अर्थिंगच्या, शेजारच्या सिग्नलांची गडबड रोखण्यासाठी. २००३नंतर साटाने (हार्ड डिस्कच्या नव्या जोडणीने) ती हळूहळू बाहेर काढली. मशीनच्या पॅनेलांत मात्र एफआरसी आजही टिकून आहे, कारण तिथे मुलाम्याचा (धातूवर चढवलेल्या पातळ थराचा) प्रश्नच फारसा येत नाही: पात तांब्यातच रुतलेली असते.

स्ट्रिपचे तसे नाही. तिच्या टोकाला स्प्रिंगची बारीक पाती नुसती टेकलेली असते.

संकेश्वर, चिकोडी, अथणी भागातल्या साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आले, तेव्हा स्ट्रिपचे पहिले मोठे काम सुरू झाले. हेडबरोबर धावणारी ती केबल गळिताच्या हंगामात रात्रंदिवस वाकत आणि सरळ होत राही. ती तुटे ती वाकण्याच्या जागी, आणि मीटर लावला की कुठली रेघ गेली ते लगेच कळे. वाकणाऱ्या केबलला लाटून मऊ केलेले तांबे लागते, हे ज्ञान मेकॅनिकांपर्यंत त्याच काळात पोचले. त्यानंतर डीव्हीडी प्लेअर आले; लेन्सची २४ पिनांची, ०.५ मिमी पिचची (शेजारच्या दोन पिनांमधले अंतर म्हणजे पिच) स्ट्रिप शिकाऊ पोरांनाही डोळे मिटून बदलता येऊ लागली. मग फोल्डिंगचे मोबाइल, लॅपटॉप, एलईडी टीव्ही.

या प्रवासात कनेक्टरही बदलला. आधी जोर लावून खोचायचा, मग ओढायच्या लॉकचा, नंतर वर उघडणाऱ्या फ्लिप लॉकचा, काहींत ते लॉक मागच्या बाजूला. या लॉकची उघडझाप साधारण १० ते ३० वेळांसाठीच धरलेली असते. कारखान्यात एकदा बसवून विसरून जाण्याचा हा भाग आहे, दुरुस्तीच्या टेबलासाठी तो बनलेलाच नाही. शिवाय पाती वर की खाली, आणि स्ट्रिपची दोन्ही टोके एकाच बाजूला उघडी की उलट बाजूंना, हे पाहून माल घ्यावा लागतो. याला कोणी ए आणि डी म्हणतात, कोणी सेम साइड आणि ऑपोझिट साइड. इथे चूक झाली तर सेट मुळी चालूच होत नाही, त्यामुळे ती लगेच सापडते. न सापडणारा त्रास मुलाम्याचा.

१ जुलै २००६पासून युरोपच्या बाजारात जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाला बंदी आली. कुठल्याही एकजिनसी पदार्थात वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त शिसे नको, असा नियम. हेतूबद्दल वाद नाही. शिसे विषारी आहे, आणि भंगारातले बोर्ड हाताने फोडणारे, जाळणारे लोक आपल्याच देशात जास्त आहेत. वाद आहे तो नियमाच्या एका पोटकलमाबद्दल.

कनेक्टरच्या पात्यांवर आणि स्ट्रिपच्या टोकांवर तोवर टिनमध्ये थोडे शिसे मिसळलेला मुलामा असे. त्यामागे कारण होते. शुद्ध टिनच्या मुलाम्यातून केसाहूनही बारीक तंतू आपोआप उगवतात. त्यांची जाडी काही मायक्रॉन, लांबी कधी मिलिमीटरपर्यंत. हा प्रकार १९५०च्या आसपासच टेलिफोनच्या सामानात लक्षात आला होता. टिनमध्ये काही टक्के शिसे घातले की ही वाढ जवळजवळ थांबते, हाच त्यावरचा उपाय ठरला आणि अर्धे शतक तो चालला.

बंदीनंतर उद्योगाने हीच भीती मांडली, आणि त्याच वर्षी ०.६५ मिमी व त्याहून बारीक पिचच्या घटकांच्या मुलाम्यात शिसे वापरायची तात्पुरती सवलत मिळाली. पण सवलतीच्या मजकुरात स्पष्ट लिहिले होते: कनेक्टर वगळून. दाबून बसवायच्या पिनांच्या एका प्रकाराला वेगळी सूट होती. स्ट्रिपच्या कनेक्टरला मात्र यातले काहीच लागू नव्हते.

हे वगळणे मला आजही पटत नाही. आयसीच्या, म्हणजे बोर्डावरच्या चिपच्या, पायांवर टिनचे तंतू उगवतात ते मुलाम्याच्या आतल्या ताणामुळे, त्याला महिने, वर्षे लागतात. स्ट्रिपच्या कनेक्टरमध्ये पाती टिनवर सतत दाब देत असते. मऊ टिन दबून बाजूला सरकते आणि तिथून तंतू काही तासांत, काही दिवसांतही उगवू शकतो. ०.५ मिमी पिचला दोन शेजारच्या पात्यांमधली मोकळी जागा फार तर दोन-तीन दशांश मिलिमीटरची. म्हणजे ज्या भागात धोका सगळ्यात वेगाने येतो, तोच भाग सवलतीबाहेर राहिला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कनेक्टरला सोन्याचा पर्याय आहे, आयसीच्या पायांना तो तितका सोपा नाही. म्हणणे बरोबर आहे. निकेलवर सोन्याचा पातळ थर दिला की तंतूंचा प्रश्न संपतो. पण सोन्याला किंमत आहे, आणि ती किंमत स्वस्त टीव्हीत, स्वस्त काट्यात कोणी देत नाही.

त्यामुळे दोन वाटा पडल्या. महाग वस्तूंत दोन्हीकडे सोने. स्वस्त वस्तूंत टिनच, फक्त खाली निकेलचा थर, मुलामा वितळवून पुन्हा गोठवणे किंवा थर पातळ ठेवणे असे उपाय. यांनी तंतू कमी होतात, संपत नाहीत. आणि या दोन वाटांच्या मध्ये तिसरी परिस्थिती तयार झाली, जी आपल्या टेबलांवर सगळ्यात जास्त दिसते: कनेक्टर सोन्याचा, त्यात बसवलेली बदली स्ट्रिप टिनची.

ही जोडी वाईट. सेट गरम-गार होतो तसे प्लास्टिक आणि तांबे वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि पाती टिनवर मायक्रॉनभर घासत राहते. प्रत्येक घासण्यात ताजे टिन उघडे पडते, हवेने त्याचे ऑक्साइड होते, आणि ती काळी भुकटी सोन्याच्या कडक पृष्ठभागावर साचत जाते. टिनला टिन टेकवायचे तरी एका पिनवर साधारण १०० ग्रॅमचा दाब असावा असा जुना दंडक आहे. बारीक पिचच्या नाजूक पातीला तो कुठून झेपणार?

स्ट्रिप काढून परत बसवली की ही भुकटी खरवडली जाते, तंतू असेल तर तुटून पडतो, आणि सेट चालतो. दोन्ही रोगांवर हीच तात्पुरती मलमपट्टी असल्यामुळे खरा रोग कुठला ते कळत नाही. फरक ओळखायचा तर स्ट्रिप ओढण्याआधी मोजावे लागते. शेजारच्या दोन पिनांत नको तिथे जोड दिसला तर तंतूची शंका घ्यावी. एकाच रेघेचा रोध वाढलेला दिसला तर भुकटीची. तंतूतून काही दशक मिलिअँपिअर वाहिले तरी तो वितळून जातो, म्हणून ज्या रेघेत वीज जास्त तिथे तो सापडतच नाही. सापडतो सिग्नलच्या रेघेत. आणि खोडरबराने स्ट्रिप घासण्याची सवय सोडावी, कारण त्याने भुकटीबरोबर मुलामाही जातो आणि पुढच्या पावसाळ्यात उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरते.

भारतात शिशाची मर्यादा २०११च्या ई-कचरा नियमांतून आली; नियम १ मे २०१२पासून लागू झाले आणि ही मर्यादा पाळायला त्यांनी तिथून दोन वर्षे दिली. तोवर बाहेरून येणारा बराच माल बिनशिशाचा झालाच होता. एकाच वस्तूसाठी दोन लाइन चालवणे कारखान्यांना परवडत नाही.

या निर्णयाचा परिणाम सगळीकडे सारखा नाही, आणि आपला पट्टा याबाबतीत कठीण आहे. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात घरातले कपडे वाळत नाहीत, तिथे ओलाव्याने उघडे तांबे खाल्ले जाते. अथणी, कागवाडकडे ऊन कडक आणि धूळ बारीक. उद्यमबागेत मशीनचा हादरा आणि लोखंडाचा कीस. वीज जाते-येते तिथे सेट दिवसात अनेकदा गरम-गार होतो, म्हणजे घासणे तितके जास्त. एका स्ट्रिपला यातले दोन-तीन प्रकार एकाच वेळी भोगावे लागतात.

वजनकाट्यांच्या बटणांच्या पट्टीत आणखी एक भानगड आहे. तिथे तांबे नसतेच. पॉलिस्टरवर चांदीच्या शाईच्या रेघा छापलेल्या असतात आणि टोकाला २.५४ मिमीच्या दातेरी पिना फिल्म भेदून चिमटलेल्या. दमट हवेत दोन रेघांमध्ये सतत व्होल्टेज राहिले की चांदी एका रेघेकडून दुसरीकडे सरकते आणि बटण न दाबता दाबल्यासारखे होते. चांगल्या पट्टीत टोकावर चांदीवरून कार्बनची शाई दिलेली असते. विकत घेताना काळे टोक बघून घ्यावे.

अलीकडच्या मोबाइलांत लॉकचा कनेक्टर कमी होत गेला. बटणासारखा दाबून बसणारा बोर्ड-टू-बोर्ड कनेक्टर आला, बहुतेक सोन्याचा, आणि तिथे मुलाम्याची तक्रार मागे पडली. टीव्हीच्या पॅनेलच्या काचेवर तर जोडणी वाहक कण मिसळलेल्या चिकट फिल्मने, उष्णता आणि दाब देऊन होते. तिथे सोल्डरिंग गन कामाची नाही, बाँडिंग मशीनच हवे. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रकल्पांत रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड आल्यापासून स्ट्रिप त्यांच्याही हातात आली. २०२३च्या पाचव्या आवृत्तीत कॅमेऱ्याची जोडणी १ मिमी पिचच्या १५ पिनांवरून ०.५ मिमीच्या २२ पिनांवर गेली, आणि जुनी केबल थेट बसेनाशी झाली.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली किंवा बंगळूरच्या एसपी रोडवरून येणारी बदली स्ट्रिप आजही पिच, पिनांची संख्या, लांबी आणि बाजू सांगून मिळते. टोकावर टिन आहे की सोने, हे पाकिटावर सहसा छापलेले नसते आणि दुकानात क्वचितच कोणी विचारते. कनेक्टरमधली पाती भिंगाखाली पिवळी दिसली तर पिवळ्या टोकाची स्ट्रिप मागावी. ती काही रुपयांनी महाग पडते आणि कधी मागवून घ्यावी लागते.