ओडीबीसीइन्स्ट.आयएनआय आणि ओडीबीसी.आयएनआय: चूक नेमकी कुठल्या फाइलीत?

निपाणी किंवा खानापूरच्या एखाद्या पतसंस्थेत उबुंटू सर्व्हर आहे, सभासदांची यादी पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आहे आणि रिपोर्ट काढणारं सॉफ्टवेअर ओडीबीसीनं (सॉफ्टवेअर आणि डेटाबेस जोडायची सामायिक पद्धत) तिला जोडायचं आहे, असं धरू. युनिक्सओडीबीसी आणि ओडीबीसी-पोस्टग्रेएसक्यूएल ही दोन पॅकेजं टाकणं सोपं आहे. घोडं अडतं ते /ईटीसी मधल्या दोन फाइलींपाशी. नावं इतकी सारखी, की फोनवर सांगताना हमखास घोळ होतो. म्हणून इथं ओडीबीसीइन्स्ट.आयएनआयला इन्स्टवाली म्हणू, ओडीबीसी.आयएनआयला साधी.

या मशीनवर कोणते ड्रायव्हर, म्हणजे त्या-त्या डेटाबेसशी बोलणारे दुवे, आहेत, एवढंच इन्स्टवालीत असतं. चौकटी कंसात ड्रायव्हरचं नाव, समजा ‘पोस्टग्रेएसक्यूएल युनिकोड’, आणि खाली ‘ड्रायव्हर=’ पुढं .एसओ फाइल, म्हणजे ड्रायव्हरची लायब्ररी: पीएसक्यूएलओडीबीसीडब्ल्यू.एसओ. उबुंटूचं पॅकेज ही नोंद आपणच करतं. टारबॉल (फाइलींचा गठ्ठा) उतरवून ड्रायव्हर टाकला असेल तर ती हातानं करावी लागते. सर्व्हर, डेटाबेस वगैरे इथं लिहायचं नाही.

ते सगळं साध्या फाइलीत. चौकटी कंसात डीएसएन, म्हणजे तुम्ही जोडणीला दिलेलं नाव (ते इंग्रजी अक्षरांतच ठेवा), खाली ‘ड्रायव्हर=’, ‘सर्व्हरनेम=’, ‘पोर्ट=५४३२’, ‘डेटाबेस=’. मारियाडीबी असेल तर ‘सर्व्हरनेम’च्या जागी ‘सर्व्हर’ आणि पोर्ट ३३०६. हे शब्द ड्रायव्हरगणिक बदलतात, त्यामुळं दुसऱ्याची फाइल जशीच्या तशी उचलू नये.

गोंधळाचं मूळ ‘ड्रायव्हर=’ या ओळीत आहे. ओळ दोन्हीकडे तीच. पण इन्स्टवालीत तिच्यापुढं .एसओ फाइल येते आणि साधीत येतं ते इन्स्टवालीच्या कंसातलं नाव, मधल्या स्पेससकट. त्यात साध्या फाइलीत थेट .एसओचा पाथ लिहिला तरी चालतं. मग इन्स्टवाली रिकामी असूनही जोडणी होते, आणि ती फाइल बिनकामाची आहे असा समज होऊन बसतो. पुढं कुणीतरी पायथॉनमधून डीएसएन न देता नुसत्या ड्रायव्हरच्या नावानं जोडायला जातं आणि तिथं अडकतं. ही पळवाट न वापरलेलीच बरी.

तपासायला आयएसक्यूएल ही युनिक्सओडीबीसीसोबत येणारी कमांड चालवा, पण ‘-व्ही’ लावून. नाहीतर जोडणी झाली नाही यापलीकडं ते काही सांगत नाही.

आयएम००२, ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ ही एरर आली, तर आधी साधी फाइल बघा. नाव बरोबर असेल तर बहुतेक वेळा वाचली जाणारी फाइलच वेगळी असते. ‘ओडीबीसीइन्स्ट -जे’ दिलं की कुठल्या फाइली वाचल्या जातात ते छापून येतं. सोर्सवरून कंपाइल केलेलं युनिक्सओडीबीसी सहसा /यूएसआर/लोकल/ईटीसी मध्ये बघतं. शिवाय प्रत्येक युजरची होम डिरेक्टरीत टिंबानं सुरू होणारी स्वतःची .ओडीबीसी.आयएनआय असू शकते. तुमच्या लॉगिननं चालणारं कनेक्शन वेब सर्व्हरच्या युजरला दिसत नाही, ते त्यामुळंच.

‘कान्ट ओपन लिब … फाइल नॉट फाउंड’ आलं, तर त्या संदेशातल्या अवतरणचिन्हांत काय आहे ते नीट वाचा. तिथं ड्रायव्हरचं नाव असेल, तर ते इन्स्टवालीत सापडलेलं नाही. म्हणून युनिक्सओडीबीसीच्या मॅनेजरनं (ड्रायव्हर शोधून उघडणारा भाग) त्या नावालाच फाइल समजून उघडायचा प्रयत्न केला. ‘ओडीबीसीइन्स्ट -क्यू -डी’नं नोंदलेली नावं काढा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. अवतरणात .एसओचा पाथ असेल आणि फाइल डोळ्यांना दिसत असेल, तरी हा संदेश येऊ शकतो: फाइल आहे, पण तिला लागणारी दुसरी लायब्ररी नाही. त्या पाथवर एलडीडी चालवा, फाइलीला कोणत्या लायब्रऱ्या लागतात ते ही कमांड दाखवते. ज्या लायब्ररीपुढं ‘नॉट फाउंड’ दिसेल तिचं पॅकेज टाका, मग पुन्हा बघा.

एक निवड मात्र आपल्या भागात महत्त्वाची. त्याच पॅकेजमध्ये पीएसक्यूएलओडीबीसीए.एसओ हा एएनएसआय (युनिकोड नसलेला) ड्रायव्हरही येतो. सभासदांची नावं मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत असतील तर युनिकोडवालाच घ्या. तरीही आयएसक्यूएलमध्ये प्रश्नचिन्हं दिसली, तर या फाइलींना हात लावण्याआधी ‘लोकेल’ कमांडनं टर्मिनल यूटीएफ-८ वर आहे का ते बघा.

पासवर्ड /ईटीसी मधल्या फाइलीत लिहू नका, ती सगळ्यांना वाचता येते. लिहायचाच असेल तर होममधल्या फाइलीत लिहा आणि तिला ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्या.