नॉस्टॅल्जिया: आधी आजार, मग आठवण

मराठीत नॉस्टॅल्जियाला आपण ‘स्मरणरंजन’ म्हणतो. शब्द छान आहे, पण मूळ शब्दात रंजन कुठेच नाही. ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. दोन्ही तुकडे ग्रीक असले, तरी ते जोडले एका स्विस विद्यार्थ्याने. 1688 साली बाझल विद्यापीठात 19 वर्षांच्या योहानेस होफरने वैद्यकाचा प्रबंध लिहिला, त्यात हे नाव त्याने एका रोगाला दिलं. लोक त्याला आधीपासून ‘हाइमवे’, म्हणजे घराचं दुखणं, म्हणतच होते. पण वैद्यकात भारदस्त नाव लागतं!

होफरने नोंदवलेली एक खेड्यातली मुलगी पडून जखमी झाल्याने इस्पितळात होती. अन्न नको, औषध नको. ‘मला घरी जायचंय’ एवढंच. शेवटी घरी नेली आणि थोड्याच दिवसांत ती बरी झाली. बाझलमध्ये शिकणारा बर्नचा एक तरुण तर तापाने मरणाच्या दारात होता. त्याला घराकडे न्यायला निघाले, तर वाटेतच त्याला हुशारी वाटू लागली.

पुढे हा आजार परमुलखात भाड्याने लढणाऱ्या स्विस शिपायांच्या नावावर चढला. स्विस निसर्गअभ्यासक शॉइख्त्सरने खापर हवेच्या दाबावर फोडलं: डोंगरातली माणसं सखल भागातल्या जड हवेत गुदमरतात, त्यांना टेकडीवर न्या. रूसोने 1767च्या संगीतकोशात लिहिलं, की गुरं हाकताना वाजवायची धून शिपायांसमोर वाजवायला बंदी होती. ती ऐकून ते रडत, पळून जात. अमेरिकेच्या यादवी युद्धातही (1861–65) उत्तरेकडच्या लष्करी डॉक्टरांनी या रोगाचे पाच हजारांवर रुग्ण नोंदवले, त्यांतले काही दगावले.

खरी मेख जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1798 मध्येच ओळखली होती. घरी परतलेल्यांचा हिरमोड होतो, कारण त्यांना गाव नको असतं, तिथलं तरुणपण हवं असतं. विसाव्या शतकात शब्दाचा अर्थ तिकडेच सरकला. गावाची ओढ जाऊन गेलेल्या काळाची ओढ आली, वैद्यकाने हात काढून घेतला. ‘स्मरणरंजन’ हा प्रतिशब्द झाला तो या दुसऱ्या अर्थाचा. होफरच्या त्या मुलीसाठी आपल्याकडे अजून ‘घरची ओढ’च आहे.