मिश्र थव्यात कृमी का अडखळतो : पार्श्वभूमी

सूक्ष्मदर्शकाखाली गप्पी या छोट्या माशाची शेपटी धरली की जायरोडॅक्टिलस हा कृमी कातडीवर उभा राहून डोलताना दिसतो. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, डोळे नाहीत. मागच्या टोकाला बशीसारखा अवयव, त्याच्या कडेने १६ बारीक आकडे आणि मध्ये दोन मोठे. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लाला जन्म देतो. आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आधीच वाढत असतं. त्यामुळे २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एकदोन कृमींचे दहाबारा दिवसांत डझनावारी कृमी होतात. मात्र त्याला पोहणारी अळी नसते. दुसऱ्या माशावर जायचं तर बहुतेक वेळा अंगाला अंग लागावं लागतं, किंवा मेलेल्या माशाला कोणी तोंड लावावं लागतं. मिश्र थव्यात, म्हणजे दोन जातींचे मासे एकत्र असलेल्या थव्यात, हा कृमी कमी पसरतो का, या विषयाचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

थवा का करायचा, याचं सर्वपरिचित उत्तर शिकाऱ्यांच्या बाजूचं होतं. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १९७१ मध्ये मांडलं, की कळपातला प्रत्येक जीव दुसऱ्याला आपल्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये घेऊन स्वतःचा धोका कमी करतो. परजीवींना हाच हिशेब लागू पडतो का, हे पुलँ आणि फिट्झजेराल्ड या संशोधकांनी १९८९ मध्ये स्टिकलबॅक माशांच्या पिल्लांवर तपासलं. त्यांचा परजीवी होता आरगुलस, म्हणजे माशांची ऊ. ती पोहत येऊन मासा गाठते. थवा मोठा असेल तर एकेका माशावर येणाऱ्या उवा कमी होतात, असं त्यांना आढळलं.

जायरोडॅक्टिलसचं गणित नेमकं उलटं. थवा जितका दाट, तितके स्पर्श जास्त, तितका प्रसार जास्त. गप्पीच्या माद्या नरांपेक्षा जास्त थव्याने राहतात, आणि त्यांच्यात हा कृमी अधिक पसरतो, हे २०१० मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. मग गप्पीने करायचं काय? एकटं राहिलं तर शिकारी, थव्यात राहिलं तर कृमी.

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या नद्यांत तिसरी वाट दिसली. तिथे खालच्या टप्प्यात, समुद्राच्या बाजूला, गप्पी आणि तिचा जवळचा नातलग पिक्टा (पोएसिलिया पिक्टा) एकत्र थवे करतात. दोघांचे जायरोडॅक्टिलस मात्र आपापल्या यजमानापुरते, म्हणजे ज्या जातीच्या माशावर जगतात तिच्यापुरतेच. डार्जेंट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी तीन नद्यांतून एकजातीय आणि मिश्र थव्यांतले मासे पकडून, मोजून, प्रत्येकाच्या अंगावरचे कृमी तपासले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मिश्र थव्यांत दोन्ही जातींवर कृमी कमी.

इथे घाई करू नये. २० गप्पींच्या थव्यात प्रत्येकीला १९ गप्पी शेजारी. त्यातल्या १० काढून १० पिक्टा घातले, तर शेजारी गप्पी ९ उरतात. पण २० गप्पी तशाच ठेवून वर २० पिक्टा सोडले, तर गप्पी शेजारी १९च राहतात; फायदा होतो तो प्रत्येक माशाचे एकूण स्पर्श तेवढेच राहिले तर, कारण मग प्रत्येक स्पर्श गप्पीशीच असण्याची शक्यता ३९ पैकी १९ होते. प्रयोगाच्या टाकीत गर्दीमुळे स्पर्शच वाढले, तर तो फायदाही घटतो. म्हणून जागा बदलून मिसळणं आणि भर घालून मिसळणं हे वेगवेगळे प्रयोग मानावे लागतात. शिवाय मासे थव्याच्या आतही जात आणि आकार पाहून शेजारी निवडतात, म्हणजे मिश्र थव्यातही गप्पीच्या शेजारी गप्पीच जास्त असू शकतात. नदीत आणखी एक गुंता आहे. खालच्या टप्प्यात पाणी मचूळ होत जातं, आणि गोड्या पाण्यातला हा कृमी खारटपणात टिकत नाही. कृमी घटले ते सोबतीमुळे की मिठामुळे, हे फक्त नदीतल्या नमुन्यांवरून सुटत नाही. डार्जेंट आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातही ही शंका मोकळेपणाने मांडली आहे.

दुसरी जात कृमीला थारा देणारी निघाली, तर मिश्रण उलटतं. बाल्टिक समुद्राच्या खोऱ्यातला जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा सॅमन माशावरचा कृमी १९७०च्या दशकात स्वीडनहून आलेल्या सॅमनच्या पिल्लांबरोबर नॉर्वेत पोचला. बाल्टिकचे सॅमन त्याला तोंड देतात, नॉर्वेतल्या सॅमनची पिल्लं मरतात. आणि रेनबो ट्राउट ही माशाची दुसरी जात स्वतः फारशी न बिघडता त्याला वाहून नेते. अनेक नद्यांत रोटेनोन हे विष टाकून सगळे मासे मारावे लागले, ही फार मोठी किंमत आहे.

महाराष्ट्रातल्या शेततळ्यांत कटला, रोहू आणि मृगळ एकत्र वाढवतात, ते तिघे पाण्याच्या वेगवेगळ्या थरांतलं अन्न खातात म्हणून. आरगुलस तिथे एका जातीला बांधलेली नाही, रोहूला ती विशेष छळते. तिच्यापुढे मिश्रणाचा आधार धरू नये. ती पाण्यातल्या कठीण पृष्ठभागावर अंडी चिकटवते, तेव्हा तळ्यात बांबू किंवा फळ्या उभ्या करून ठरावीक दिवसांनी बाहेर काढाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात. बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) सोडण्याआधी पर, कल्ले आणि खवल्यांच्या कडा भिंगाने पाहाव्यात.